सदऱ्याची गुंडी

मॉन्ट्रियल,
८ नोव्हेंबर

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

सदऱ्याची गुंडी लावताना तुम्ही उजव्या हाताला 'मेलेला' म्हणून शिव्या घालता, असे आईने कळवले. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून लिहून सांगते, की हात मेलेला नाही.

तुमच्या हाताचे स्नायू शाबूत आहेत आणि मज्जारज्जूतून निघून त्यांच्यापर्यंत पोचणाऱ्या नसाही शाबूत आहेत. इजा झाली ती मेंदूच्या डाव्या भागाला. हालचालीचा हुकूम घेऊन निघालेले बहुतेक तंतू मानेच्या जरा वर बाजू बदलतात, त्यामुळे उजवा हात डाव्या मेंदूच्या ताब्यात असतो. पुढे मज्जारज्जूतल्या चेतापेशी तो हुकूम स्नायूपर्यंत नेतात आणि तिथे ॲसिटिलकोलीन नावाचे रसायन सुटले की स्नायू आकसतो. तुमच्या बाबतीत वरचा हुकूमच पुरता खाली उतरत नाही. मग बोटे आपोआप आवळतात कशी, असे आई विचारत होती. मज्जारज्जूच्या स्वतःच्या प्रतिक्षिप्त क्रिया चालूच असतात, एरवी मेंदू त्यांना आवर घालतो. तो आवर सैल पडला की स्नायू ताठरतात.

पाय सावरला तरी बोटे मागे का, याचे उत्तर काही अंशी याच शहरात सापडले. अपस्माराच्या रुग्णांवर, ते जागे असताना, शस्त्रक्रिया करताना डॉ. वाइल्डर पेनफिल्ड मेंदूच्या पृष्ठभागाला सौम्य वीज लावून कोणता अवयव हलतो ते टिपत. त्यांनी व एडविन बोल्ड्री यांनी १९३७ साली प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत हात आणि तोंड यांनी एवढी जागा व्यापलेली दिसते, की अख्ख्या धडाच्या वाट्याला चिंचोळी पट्टी उरते. शिवाय पोटरीत एकेक चेतापेशी हजारावर स्नायुतंतू एकदम ओढते, तर बोटांच्या बारीक स्नायूंत तिच्या हाताखाली फार थोडे असतात. गुंडी काजात सरकवण्याइतके नाजूक काम त्यामुळेच साधते, आणि बिघडले की परत बसायला वेळही तेच जास्त घेते.

तेल चोळून घेतल्याने बरे वाटत असेल तर जरूर घ्या, पण हुकूमाची नवी वाट पडते ती तुम्ही स्वतः हात हलवल्यानेच, तीच हालचाल पुनःपुन्हा करून. व्यायाम घेणाऱ्या बाईंना विचारून रोज सदरा घेऊन बसा. आधी मोठ्या गुंड्यांचा. आणि आईला सांगा, कितीही वेळ लागला तरी मध्येच हात घालून तिने गुंडी लावून देऊ नये.

तुमची,
थोरली