आरोग्यमित्र ताई, तुमचे आभार मानायचे राहिलेत

प्रिय ताई,

माझ्या वडिलांना, नानांना, डिस्चार्ज मिळाला त्या दिवशी अम्मा तुमच्यासाठी चादर घेऊन आली होती. तुम्ही ती घेतली नाहीत. "योजनेत कुणाला काही द्यायचं नसतं, मलापण नाही," एवढं बोलून तुम्ही पुढच्या पेशंटचे कागद बघायला लागलात. तुमच्या टेबलापुढं गर्दी होती, आमचं बोलणं तिथंच राहिलं. म्हणून हे पत्र. सगळ्यांनी वाचावं असं लिहितेय, कारण आरोग्यमित्र म्हणजे मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेत पेशंटला मदत करणारं माणूस, आणि नानांच्या आजारपणात तुम्ही या योजनेबद्दल आम्हाला जे सांगितलंत ते इथल्या पुष्कळ घरांना अजून माहीत नाही.

नाना सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर. अम्मा विड्या वळते, मी गारमेंटमध्ये शिलाई करते. रातपाळीत नानांच्या छातीत कळ आली तेव्हा सोबतच्या कामगारांनी जवळ जो दवाखाना दिसला तिथं नेलं. तिथं अँजिओग्राफी झाली, बायपास करावी लागेल म्हणाले आणि लगेच अनामत रकमेचा आकडा सांगितला. तो दवाखाना योजनेत नाही, हे आम्हाला कुणीच सांगितलं नाही. अम्मानं गंठण काढून पदरात बांधलं. मावशी फायनान्सवाल्याकडं जाऊन आली, आठवड्याचा हप्ता किती बसेल ते विचारून. गल्लीत ज्या ज्या घरी मोठं आजारपण आलं, त्यांचे हप्ते माणूस बरा झाल्यावरही वर्षानुवर्षं चालू राहिलेले आम्ही बघितलेत.

नानांच्या खात्यातला जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम, म्हणाला, योजनेतल्या हॉस्पिटलात हलवा. म्हणून आम्ही तुमच्याकडं आलो, पण आलो ते पैसे जमवूनच. मी बिलाच्या खिडकीपुढं रांगेत उभी होते. तुम्ही माझ्या हातातली फाईल बघितलीत आणि टेबलामागून हाक मारलीत, "आधी पैसे भरू नका. रेशनकार्ड कुठलंय?"

ताई, खरे आभार मला या हाकेचे मानायचेत. ती रक्कम एकदा भरली असती, नाना रोखीचे पेशंट म्हणून दाखल झाले असते, तर पुढं ते पैसे परत मिळवायला कुणाच्या दारात उभं राहायचं हे आम्हाला कळलंही नसतं.

कार्ड केशरी होतं, पण आधारवर आडनाव वेगळं लिहिलेलं. आम्हा तेलुगू घरांत हे नेहमीचंच, प्रत्येक कारकून आपापल्या कानाला ऐकू येईल तसं आडनाव लिहितो. मला वाटलं, झालं, इथंच अडलं. तुम्ही मात्र आधी फोन लावलात. पेशंट तातडीचा असेल तर फोनवर कळवून दाखल करता येतं, कागद मागाहून दिले तरी चालतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा समजलं. मग एका चिठ्ठीवर कुठला कागद कुठून आणायचा ते ओळीनं लिहून दिलंत. त्या चिठ्ठीमुळं मला एकाही ऑफिसात दोनदा जावं लागलं नाही.

मंजुरीची वाट बघताना तुम्ही अम्माला बाकावर बसवून तेलुगूत समजावलंत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत आता एकत्र चालतात. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, आधी ही मर्यादा दीड लाख होती. ऑपरेशन, तपासण्या, औषधं, पेशंटचं जेवण, डिस्चार्जनंतरची दहा दिवसांपर्यंतची तपासणी हे सगळं त्यातच येतं. पिवळं आणि केशरी कार्ड तर आहेच, आता पांढऱ्या कार्डालाही योजना लागू आहे. अम्मा दोनदा विचारत होती, नंतर काही मागणार नाहीत ना? तुम्ही दोन्ही वेळा तेवढ्याच शांतपणे उत्तर दिलंत.

आणि मागितलं गेलंच. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी वॉर्डातून बाहेरच्या मेडिकलची चिठ्ठी आमच्या हातात आली. मी विकतही आणलं असतं, त्या वेळी माणूस वाद घालत नाही. तुम्ही ती चिठ्ठी घेऊन आत गेलात. "हे पॅकेजात आहे, यांच्याकडून घ्यायचं नाही," हे तुमचं बोलणं दारापर्यंत ऐकू आलं. जिथं रोज काम करायचं तिथल्याच माणसांपुढं असं ठामपणे उभं राहणं सोपं नसतं. तुमची नोकरी कायम नाही, कंत्राटावर आहे, हे मला नंतर कळलं. तेव्हा त्या बोलण्याची किंमत माझ्या लेखी आणखी वाढली. ज्या माणसांच्या भरवशावर ही योजना गरिबापर्यंत पोहोचते, त्यांना पगाराची आणि नोकरीची शाश्वती मिळाली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

शेजारच्या खाटेवर मंगळवेढ्याचे एक काका होते. घरी जायचं भाडंही योजनेत मिळतं, एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं, हे तुम्ही त्यांना सांगितलंत तेव्हा त्यांची बायको तुमच्याकडं बघतच राहिली.

ही योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावानं सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपला सोलापूर होता. इतकी वर्षं ती आमच्या शहरात होती आणि आमच्या घरी गंठण गहाण टाकायची तयारी चालली होती. म्हणून विडी घरकुलात, आमच्या विडी कामगारांच्या वसाहतीत, आमच्या गल्लीत मी आता घरोघरी सांगते: आधारवरचं आणि रेशनकार्डावरचं नाव जुळतंय का ते आजच बघा, आजारपणाची वाट बघू नका. दवाखान्यात गेल्यावर सगळ्यात आधी आरोग्यमित्राचं टेबल कुठं आहे ते विचारा. टेबल सापडलं नाही तर १५५३८८ किंवा १८००२३३२२०० ला फोन लावा. आणि विचारल्याशिवाय एक रुपया भरू नका. विड्या द्यायला कारखान्यात जाणाऱ्या बायकांना अम्मा हेच सांगते, तिच्या भाषेत.

नाना आता सकाळी चालायला जातात. मागावर परत कधी जायचं ते डॉक्टर ठरवतील. पुढच्या आठवड्यात एका शेजारणीला तुमच्याकडं पाठवतेय, तिच्या नवऱ्याच्या किडनीचा त्रास आहे. कार्ड आणि आधार मी स्वतः तपासलंय, नावं जुळतात.

तुमची,
विडी घरकुलातली, नानांची मुलगी