डोनर ‘अनफिट’ का, ते नीट सांगा

मा. संपादक, स.न.वि.वि.

आमच्या कोपरखैरण्याच्या सोसायटीतल्या एका वहिनींना नवऱ्याला लिव्हर द्यायचं होतं, सगळ्या टेस्ट झाल्या आणि शेवटी सीटी अँजिओनंतर (रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी स्कॅन) हॉस्पिटलने ‘डोनर अनफिट’ एवढंच सांगून घरी पाठवलं. झालं, सासरच्यांनी कुजबुज सुरू केली की हिला द्यायचंच नव्हतं म्हणून. खरं कारण बऱ्याच दिवसांनी कळलं, त्यांच्या पोर्टल व्हेनच्या (आतड्यांकडून लिव्हरला रक्त आणणारी मोठी शीर) उजव्या बाजूच्या दोन फांद्या वेगवेगळ्या निघतात, त्या तिथून कापून पुन्हा जोडणं टीमला रिस्की वाटलं.

यात विचित्र काहीच नाही हो. मिशेल्स नावाच्या अमेरिकन अ‍ॅनाटॉमिस्टने 200 मृतदेह तपासून 1966 मध्ये लिव्हरच्या धमन्यांचे दहा प्रकार मांडले, त्यात पुस्तकातल्या चित्रासारखी रचना जेमतेम 55 टक्के लोकांत निघाली. कुणाची उजवी धमनी आतड्याच्या मोठ्या धमनीतून येते, कुणाची डावी जठराच्या धमनीतून, आणि माणूस आयुष्यभर ठणठणीत असतो, त्याला पत्ताही नसतो. प्रश्न येतो सुरी लागते तेव्हा. जठराचं ऑपरेशन करताना जठराकडून येणारी ती डावी धमनी नकळत बांधली गेली तर लिव्हरच्या डाव्या भागाचा रक्तपुरवठा तुटू शकतो. लिव्हरला साधारण पाऊण रक्त पोर्टल व्हेनमधून मिळतं म्हणून एक धमनी गेली तर चालेल असं वाटेल, पण पित्तनलिका जगतात त्या मुख्यतः धमनीच्या रक्तावर, ट्रान्सप्लांटमध्ये धमनी बंद पडली की आधी त्याच सडतात.

म्हणून ‘सोनोग्राफी झालीय ना, आता सीटी कशाला, बिल वाढवायचे धंदे’ असं जे वेटिंगमध्ये ऐकू येतं ते निदान इथे तरी चुकीचं आहे. (बाकीच्या बिलाबद्दल मी काही बोलत नाही!) पित्ताशयाच्या साध्या दुर्बिणीच्या ऑपरेशनला हा स्कॅन सहसा लागत नाही, तिथे सर्जन क्लिप लावायच्या आधी सगळं मोकळं करून नीट बघतो, कारण उजवी धमनी कधीकधी वळसा घेऊन पित्ताशयाला अगदी चिकटून जाते.

माझं म्हणणं एवढंच की डोनरला नाकारलं तर कारण मराठीत दोन ओळी लिहून द्या, कागदावर पेनाने चित्र काढून घरच्यांसमोर समजवा. आणि त्या सीटीची सीडी, रिपोर्ट डोनरच्या हातात द्या. उद्या त्याच वहिनींचं पोटाचं काही ऑपरेशन निघालं तर तो सर्जनला लागणारच आहे.

– एक वाचक, कोपरखैरणे, नवी मुंबई