"आता हात लावते हं" म्हणणाऱ्या सिस्टरना

सिस्टर,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. जुलैतली रात्र, बाहेर घोडबंदर रोड पाण्यात, आणि कानावर हेडफोन घालून कळा सोसणारी बाई, एवढ्यावरून ओळखाल.

तुम्ही ड्यूटीवर येण्याआधी चार तास मी तिथेच होते. फाइलच्या पहिल्याच पानावर 'ऑटिझम' लिहिलेलं होतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत तो आहे, माझ्याकडे प्रमाणपत्रही आहे. पण फाइल उघडतंय कोण! "ओरडत नाहीये, म्हणजे अजून वेळ आहे," म्हणत सगळे पुढे जात होते. माझं दुखणं चेहऱ्यावर उमटत नाही. दहापैकी किती दुखतंय असं विचारलं, तर दहा म्हणजे नेमकं काय, यातच मी अडकते.

तुम्ही आकडा विचारला नाहीत. "कळ आली की बोलता येतंय का?" मी नुसती मान हलवली. मग म्हणालात, "आता हात लावते हं. आतून तपासायचंय, दहा मोजेपर्यंत." आणि खरंच मोठ्याने दहा मोजलेत. पिशवीचं तोंड 8 सेंटीमीटर उघडलं होतं, म्हणजे बाळाची वेळ अगदी जवळ आली होती.

मराठीत ऑटिझमला स्वमग्नता म्हणतात. मला तो शब्द पटत नाही. मी कुठली स्वतःत मग्न? उलट ट्यूबची गुणगुण, स्पिरिटचा वास, शेजारच्या बाईचं कण्हणं, सगळं एकदमच आत घुसतं. तुम्ही डोक्यावरची ट्यूब बंद केलीत, ठोक्यांच्या मशीनचा आवाज कमी केलात. हलका हात मला चटक्यासारखा लागतो, हे आईने सांगितल्यावर दोन्ही खांदे घट्ट दाबून धरलेत. शेवटी माझी वाचाच बसली. कुणीतरी म्हणालं, हट्टी आहे. तुम्ही म्हणालात, "एक बोट म्हणजे हो, मूठ म्हणजे नको." बाळ येईपर्यंत आपण तेवढ्यावर भागवलं.

टाक्यांचं मात्र सांगायलाच हवं. "झालंच हं" म्हणजे किती वेळ, हे मला उभ्या आयुष्यात कळलेलं नाही. तुम्ही भिंतीवरचं घड्याळ दाखवून म्हणालात, "मोठा काटा सहावर येईपर्यंत." काटा सहावर आला, टाके संपले नव्हते. तेव्हा तुम्हीच म्हणालात, "चुकलं माझं, अजून दहा मिनिटं." मला कुणी असं कधी सांगितलं नव्हतं, सिस्टर. लोक वेळ चुकवतात आणि वर मलाच म्हणतात, किती घाई.

बाळाला लगेच छातीशी घेता आलं नाही, ओल्या अंगाचा स्पर्श सोसेना. मध्ये मऊ पंचा ठेवून तुम्ही वाट पाहिलीत. ती कसली आई, असं तुमच्या तोंडून आलं नाही. घरी आल्यावर ते दोघातिघांच्या तोंडून आलंच.

परवा पेढे घेऊन आले होते, तुमची सुट्टी होती. डबा वॉर्डातल्या मावशींकडे दिलाय. पुढच्या वेळी आधी सांगून येईन.

तुमची,
तीन नंबरच्या कॉटवरची