कर नसलेल्यालाही डर असते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोशल मीडियावरच्या प्रत्येक खात्याला आधार जोडा, अशी मागणी करणारा लेख काल आपल्या अंकात वाचला. ‘कर नाही त्याला डर कशाला’ ही म्हण टाकून लेखकाने विषय संपवला आहे. रात्रभर ते वाक्य डोक्यात राहिले, म्हणून सकाळी उठून हे लिहीत आहे. हेच वाक्य गेल्या मे महिन्यात माझ्या सुनेला एका पोलीस ठाण्यात ऐकवले गेले. फरक इतकाच की ते कोकणीत होते. ‘कांय करूंक ना जाल्यार भियेता कित्याक?’

इथे गोव्यात आमच्या वाड्यामागचा डोंगर जेसीबी लावून कापायला सुरुवात झाली होती. पाऊस तोंडावर आलेला. सुटी माती कुठे येणार हे इथल्या लहान पोरालाही कळते. ती आमच्या विहिरीत येणार आणि खालच्या कुळागरात, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेत. सुनेने गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर तीन फोटो टाकले आणि विचारले, ‘नगरनियोजन कायद्याच्या कलम १७-अ खाली डोंगरकापणीची परवानगी आहे का? असेल तर पंचायतीने दाखवावी.’ शिवी नाही, कुणाचे नाव नाही. दुपारपर्यंत त्याखाली चौदा अंगठे पडले. संध्याकाळी गटातल्याच कुणीतरी स्क्रीनशॉट काढून तो तिच्या नंबरासकट नको तिथे पोचवला. व्हॉट्सअ‍ॅपवरचा संदेश कुलूपबंद जातो म्हणतात. जातही असेल, पण ज्याच्या हातात पोचला त्याच्या मनात काय आहे त्याला कुलूप नसते. रात्री अनोळखी नंबरांवरून फोन सुरू झाले. माझा नातू कोणत्या शाळेत जातो हे त्या माणसांना ठाऊक होते.

तिसऱ्या दिवशी ठाण्यावरून तोंडी निरोप आला, ‘येऊन जा’. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे संशयिताला बोलवायचे तर कलम ३५ खाली लेखी नोटीस द्यावी लागते. साक्षीदार म्हणून जबाब हवा असेल तर बाईला घराबाहेर बोलावता येत नाही, पोलिसांनीच तिच्या घरी यायचे असते. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर कलम ३५ ची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणेसुद्धा चालणार नाही असे बजावले. हे सगळे मला नंतर एका वकिलांनी सांगितले. त्या दिवशी आम्हाला यातले काही माहीत नव्हते. ती गेली, मी सोबत गेले. मला बाहेरच्या बाकावर बसवले.

आत तिला फोन उघडायला सांगितला. ती कचरली तेव्हा ते वरचे वाक्य आले. मग तिने उघडला. गावाच्या गटातला तो एक संदेश पाहायला दोन मिनिटे पुरली असती. फोन त्यांच्या हातात पाऊण तास होता. बहिणीशी झालेले बोलणे, घरातले फोटो, डॉक्टरांचे कागद, सगळे एका परक्या पुरुषाने बोटाने सरकवत पाहिले. त्या कागदांत काय होते ते मी इथे लिहिणार नाही. ते तिचे आहे.

घरी येऊन तिने तो संदेश काढून टाकला. त्याआधीच चौदापैकी अकरा अंगठे मागे घेतले गेले होते. मी त्या लोकांना दोष देत नाही. पुढच्या ग्रामसभेत डोंगराचा विषय कुणी काढला नाही. जुलैत विहिरीचे पाणी तांबडे झाले.

लेखकाचे एक म्हणणे मला मान्य आहे. बायकांना घाण लिहिणारे, खोटे फोटो फिरवणारे पकडले गेलेच पाहिजेत. पण सुनेला धमकावणारे ते चार नंबर आम्ही त्याच ठाण्यात लिहून दिले. सिमकार्ड ओळखपत्राशिवाय मिळत नाही. मग त्या चौघांची नावे अजून का कळली नाहीत? ओळख आधीच सरकारदरबारी आहे, शोधायची इच्छा नाही. आधार जोडल्याने सापडेल ती माझी सून. दक्षिण कोरियाने २००७ मध्ये मोठ्या संकेतस्थळांवर लिहायला खरी ओळख सक्तीची केली. २०११ मध्ये तिथल्या एका कंपनीकडून साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली आणि २०१२ मध्ये त्यांच्या घटनात्मक न्यायालयाने ती सक्तीच रद्द केली.

आपल्याकडे २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना अटक झाली. एकीने फेसबुकवर लिहिले होते, दुसरीने त्याला नुसता अंगठा दिला होता. त्या अटकेत लावलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ कलम २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले. २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असे सांगितले. पाऊण तास तो फोन चाळणाऱ्याला हे कुणी शिकवले आहे का?

माझ्या वडिलांच्या लग्नाची पत्रिका छापण्याआधी पोर्तुगीज सेन्सॉरला दाखवावी लागली होती. ते हे सांगताना दर वेळी आवाज खाली आणायचे, गोवा मुक्तीनंतर तीस वर्षांनीसुद्धा. १८ जून १९४६ ला राममनोहर लोहिया मडगावात उभे राहिले ते सभा घेण्याच्या आणि बोलण्याच्या हक्कासाठीच. मी पस्तीस वर्षे शाळेत मुलांना हा धडा शिकवला. आता सून मला म्हणते, ‘आई, गटावर काही लिहू नका हं.’ तीही आवाज खाली आणूनच.

आणखी एक. आपण वाचकांच्या पत्रांखाली त्यांचा पूर्ण पत्ता आणि मोबाइल क्रमांक छापता. तीन वर्षांपूर्वी पाण्याच्या टँकरबद्दलचे माझे पत्र आले, तेव्हा महिनाभर मला फोन येत होते, त्यातले निम्मे कर्ज देणाऱ्यांचे. खात्रीसाठी क्रमांक आपल्या कार्यालयात जरूर ठेवा, छापू मात्र नका. या पत्राखाली माझे नावही घालू नये ही विनंती. ते आपल्याला वेगळ्या कागदावर दिले आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, डिचोली तालुका