साडेचार जलधी फर्मी

तीर्थस्वरूप काका,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही व्हॉट्सअ‍ॅप वापरत नाही आणि तोंडावर आभार मानले की "चहा टाक आता" म्हणून विषय बदलता. म्हणून हे उघडं पत्र. सोसायटीत सगळ्यांनी वाचलं तरी चालेल, निम्म्यांची पोरं पुढच्या वर्षी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात तुमच्याच दारात उभी राहणार आहेत.

आमच्या चिरंजीवांनी विषय निवडला होता 'हातापासून प्रोटॉनपर्यंत'. इंटरनेटवर एकक बदलून देणारं एक पान सापडलं. त्यात १८ इंची हात टाकला, खाली फर्मी (प्रोटॉनसारखे अणूतले कण मोजायचं अतिसूक्ष्म माप) निवडलं आणि आलेला आकडा मी स्वतः स्केचपेनने तक्त्यावर उतरवला. पंधरा आकडी. खाली त्याचं उलट वाक्यही लिहिलं: '१ फर्मी = ४५७२००००००००००० हात'. रात्री अकराला लिफ्टपाशी तुम्ही तो तक्ता बघितलात आणि म्हणालात, "अगं, प्रोटॉन गावाबाहेर काढलास की!"

घरी येऊन तुम्ही गणित करून दाखवलंत. माझ्या वाक्याप्रमाणे एक फर्मी पृथ्वी-सूर्य अंतराच्या चौदाशे पट भरत होता, म्हणजे नेपच्यूनच्याही कितीतरी पलीकडे. भागायचं तिथे गुणलं होतं, एवढंच. "रुपयाचे पैसे करताना आकडा वाढतो की कमी होतो?" तुम्ही विचारलंत. "धाकटं माप, थोरला आकडा." मी बारा वर्षं हिशेबाच्या टेबलावर बसते काका, आणि हे मला रात्री अकरानंतर ऐकून घ्यावं लागलं.

पण खरी शिकवणी त्यानंतर सुरू झाली. वजनमापं खात्यात उभा जन्म गेलेला माणूस तो. तुमचा पहिला प्रश्नच, "हात कुणाचा?" मग पोराला ओट्यावर कोपर टेकवायला लावलंत. कोपराच्या हाडापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, नख सोडून. टेपही शून्यापासून धरू दिली नाहीत. "टोक झिजलेलं असतं, दहापासून धर आणि मागनं दहा वजा कर." त्याचा हात भरला साडेत्रेचाळीस सेंटिमीटर, माझा एकेचाळीस, तुमचा शेहेचाळीस. तिघांच्या हातांतला फरक पाच सेंटिमीटर. त्याचे फर्मी किती, असं विचारून तुम्ही खुर्चीत मागे रेललात आणि लहानपणी पाठ केलेलं म्हणायला लागलात: एकं, दहं, शतं, सहस्र... खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध.

भास्कराचार्यांनी ११५० च्या 'लीलावती'त दिलेली, दहा-दहा पटीने वाढणारी ही अठरा स्थानं मला फक्त परीक्षेपुरती माहीत होती. त्या रात्री ती कामाला आली. फर्मी म्हणजे मीटरचा एकावर पंधरा शून्यांएवढा भाग, म्हणून एक मीटर म्हणजे बरोबर एक अंत्य फर्मी. १८ इंची हात म्हणजे साडेचार जलधीच्या जरासा वर. आणि आपल्या तीन हातांतला फरक? पाच शंकू फर्मी. "आता सांग," तुम्ही म्हणालात, "ज्या मापात पाच शंकू इकडचे तिकडे होतात, तिथे तू चार-चार आकडे कशाच्या जोरावर लिहितेस?" तक्त्यावरचं ४५७२ खोडून आम्ही 'सुमारे साडेचार जलधी' लिहिलं. परीक्षक म्हणे तिथेच सगळ्यात जास्त वेळ थांबले.

प्रोटॉनच्या टोकालाही तुम्ही सूट दिली नाहीत. त्याची त्रिज्या आधी ०.८८ फर्मीच्या आसपास धरत. २०१० मध्ये स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर संस्थेत इलेक्ट्रॉनऐवजी त्याचा जड भाऊ म्यूऑन फिरवून मोजली, तर ०.८४ आली आणि जगभरचे भौतिकवाले पुढची कित्येक वर्षं भांडत बसले. "बघ, तिथेही हात कुणाचा हाच प्रश्न," असं म्हणून तुम्ही इतके खूश झालात की चहा थंड झाला. फर्मी हे नाव भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनी १९५६ च्या लेखात वापरलं आणि आपल्याकडे मेट्रिक मापं आणणारा कायदाही १९५६ चाच, हे तर तुम्ही जणू दोन्ही कागदांवर तुमचीच सही असल्यासारखं सांगितलंत.

कौटिल्याची शिडी पोराला सगळ्यात आवडली. आठ परमाणूंचा रथाच्या चाकाने उडालेला एक कण, आठ कणांची एक लीख, आठ लिखांची ऊ, आठ उवांचा जव, आठ जवांचं अंगुळ. (लीख आणि ऊ ऐकून धाकटी खोलीतून पळाली.) म्हणजे अंगुळात ३२७६८ परमाणू. पोराचं मधलं बोट १.६ सेंटिमीटर रुंद, भागून उत्तर आलं मिलिमीटरचा सुमारे दोन हजारावा भाग, जवळजवळ निळसर-हिरव्या प्रकाशाच्या तरंगलांबीएवढं. आजच्या हायड्रोजन अणूहून पाचेक हजार पट मोठं, तरी बोटं आणि उवा मोजत निघालेला माणूस इतका खाली पोचला याचं मला अजून नवल वाटतं.

मग पोराने स्वतःच्याच बोटाने हात मोजला, तर २४ ऐवजी २७ अंगुळं भरली. तो हिरमुसला. तुम्ही सांगितलंत की म्हणूनच ग्रंथात 'मध्यम पुरुष' असं लिहिलंय, आणि इजिप्तचा राजहात तर २८ बोटांचा. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात तुतनखामनचा कोषाध्यक्ष माया याची तशी काठी आहे, ५२.३ सेंटिमीटरची. "मग मी अर्धा फेरो," पोरगं म्हणालं. त्याच झोकात त्याने शोधलं की हायड्रोजनची बोर त्रिज्या (केंद्रापासून इलेक्ट्रॉनचं अंतर) ०.५२९ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम मीटरचा हजार कोटीवा भाग), म्हणजे राजहाताचा जवळपास हजार कोटीवा भाग. एका टक्क्याचा काय तो फरक. तो नाचायच्या आत तुम्ही त्या ओळीखाली 'योगायोग' असं लाल अक्षरात लिहायला लावलंत.

बक्षीस दुसरं मिळालं. पहिलं ज्वालामुखीला, खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर, दरवर्षीप्रमाणे. परीक्षकांनी विचारलं, "हात म्हणजे नक्की किती?" आणि आमच्या बाळाने त्यांनाच बाही वर करायला सांगितलं म्हणे.

टेप अजून आमच्याकडेच आहे. रविवारी आणून देते. तिच्या डबीवर मागच्या बाजूला पेनाने 'दहापासून' असं लिहिलेलं दिसेल. ते मी नाही लिहिलेलं, रागावू नका.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची