दुर्बिणीआधी वही द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मुलांसाठी आकाशदर्शनाचे कार्यक्रम होतात, ही आनंदाचीच गोष्ट. अशाच एका कार्यक्रमाला मुलीला घेऊन गेलो होतो. तासभर रांगेत उभं राहिल्यावर दुर्बिणीपाशी तिला जेमतेम दहा सेकंद मिळाले. ‘शनी दिसला का?’ विचारलं, तर म्हणाली, ‘काहीतरी काळं काळं हलत होतं.’ त्या तिच्याच पापण्या होत्या!

दोष दुर्बिणीचा नाही, घाईचा आहे. नजर तयार व्हायच्या आधीच आपण मुलांना भिंगासमोर उभं करतो.

त्यानंतर आम्ही घरी साधी वही केली. अमावास्येनंतर चंद्रकोर दिसू लागली की रोज सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने, एकाच जागेवरून, चंद्राचं चित्र काढायचं आणि शेजारच्या ठळक ताऱ्यापासूनचं अंतर मुठीने मोजायचं. हात ताठ पुढे धरला की मूठ साधारण 10 अंश भरते, करंगळी 1 अंश. मुलांची मूठ लहान, पण हातही तेवढाच आखूड, त्यामुळे हिशेब जुळतो. चंद्र स्वतः अर्ध्याच अंशाचा. क्षितिजाजवळ परातीएवढा भासणारा चंद्र करंगळीआड अख्खा लपतो, हे मुलीने तीनदा करून पाहिलं तेव्हा कुठे तिला पटलं. दुसऱ्या दिवशी चंद्र ताऱ्यांमधून मूठभराहून थोडा जास्त पूर्वेला सरकलेला असतो, सुमारे 13 अंश. 360 अंशांचा पूर्ण फेरा रोज एवढ्या टप्प्यांनी म्हणजे साधारण 27 दिवसांचा; नक्षत्रं 27 का, याचं उत्तर इथेच हाती लागतं.

एकदा तिने कोरीच्या पोटात चांदणी काढली. मी खोडरबर दिलं नाही. पुढच्या संध्याकाळी नीट पाहिल्यावर कोरीचा उरलेला गोल तिला अंधूक राखाडी दिसला. पृथ्वीवरून परतून चंद्रावर पडलेला सूर्याचाच तो उजेड. ‘म्हणजे चंद्र पूर्णच आहे, मग चांदणी मागे झाकली जाईल,’ हे तिचं तिलाच सुचलं.

सूर्याकडे मात्र थेट पाहायचं नाही, दुर्बिणीतून तर मुळीच नाही. त्यासाठी उभी रोवलेली काठी पुरते. तिची सावली सर्वांत आखूड होते तेव्हा घड्याळात बरोबर बारा वाजलेले क्वचितच असतात. का, ते मुलांनाच विचारू द्या.

आयोजकांना विनंती एवढीच, की कार्यक्रमाआधी पंधरा दिवस मुलांना अशी वही द्यावी. त्या रात्री पहिली 20 मिनिटं मोबाइल बंद ठेवून डोळे अंधाराला सरावू द्यावेत. एकदा स्क्रीन उजळली की ते पुन्हा पहिल्यापासून. आणि मुलं थोडी कमी बोलावली तरी चालतील, पण प्रत्येकाला दुर्बिणीशी पाच मिनिटं मिळावीत. गुरूजवळचे चार ठिपके गॅलिलिओनेही 1610च्या जानेवारीत एका नजरेत ओळखले नव्हते. रोज टिपून ठेवले, जागा बदलताना पाहिले, तेव्हा ते चंद्र आहेत हे त्याला उमगलं.

आमच्या वहीत कालच्या पानावर फक्त ‘ढग’ एवढंच लिहिलंय. तीही नोंदच.

आपला,
एक वाचक