डॉक्टर मॅडम, माझ्या लेकाला विचारल्याबद्दल

डॉक्टर मॅडम,

परवा तुम्ही लेकाच्या जबड्याला लावायच्या त्या मास्कबद्दल म्हणालात "आता मास्क बंद, सहा महिन्यांनी दाखवायला या", तेव्हा मला काही बोलताच आलं नाही, नुसती मान हलवली आणि घरी येऊन किचनमध्ये रडले. म्हणून लिहितेय.

लेकाचे खालचे दात वरच्या दातांच्या पुढे, हनुवटी पुढे आलेली. सहा वर्षांचा होता तेव्हा एका ठिकाणी दाखवलं तर म्हणाले दुधाचे दात पडू देत मग बघू, त्यात आमचं दीड वर्ष गेलं. दुसऱ्यांनी तोंडात धड बघितलंही नाही, अठराव्या वर्षी ऑपरेशन लागेल म्हणाले, तेही त्याच्यासमोर! त्या रात्री पोरगं विचारतंय, "मम्मी, माझं तोंड कापणार का?" अजून आठवलं की डोकं फिरतं माझं. तुमच्याकडे आल्यावर कळलं की त्याचा खालचा जबडा मोठा नव्हताच, वरचा मागे राहिलेला, आणि तो पुढे ओढायचा तर साधारण सात ते दहा हेच वय, नंतर हाडांचे सांधे घट्ट होत जातात. एवढं आधी कोणी सांगायला काय झालं होतं?

पण मला सांगायचंय ते पहिल्या दिवसाचं. आमच्याकडे जो येईल तो त्याची हनुवटी धरणार, "खानदानी आहे, आजोबांवर गेलाय" म्हणत चेहरा इकडेतिकडे फिरवणार. तो काही बोलायचा नाही, नुसते डोळे मिटून घ्यायचा. तुम्ही स्टूल खाली घेतलंत, ग्लोव्ह्ज घातलेला हात मधेच थांबवलात आणि विचारलंत, "तुझ्या हनुवटीला हात लावू का?" तो माझ्याकडे बघायला लागला तर म्हणालात, "आईला नाही, तुला विचारतेय." आणि मग खरंच थांबलात, बाहेर एवढी गर्दी असताना. त्याने हळूच मान हलवली. डोळे उघडे होते मॅडम त्याचे.

नंतर तो मास्क, कपाळावर आणि हनुवटीवर टेकणारा, वरचा जबडा रबर बँडने पुढे ओढणारा. कपाळावर लाल वळ उठले, रोज चौदा तास ते रबर बँड, पण एकही रात्र मला मागे लागावं लागलं नाही, स्वतः आरशासमोर उभा राहून लावायचा. खालचा जबडा सतरा-अठरापर्यंत वाढतो, तेव्हा परत पुढे येऊ शकतो, मी गॅरंटी देत नाही, हेही तुम्ही तोंडावर सांगितलंत. त्या स्पष्ट बोलण्याचाच मला आधार वाटला. डिग्रीच्या पाट्या गल्लोगल्ली आहेत हो, लहान पोराला माणूस समजणारे किती भेटतात? रिक्षावाला असो, मास्तर असो, असा एक जरी भेटला तरी आईबापाचा जीव भांड्यात पडतो.

गेल्या रविवारी लग्नात एका मावशींनी नेहमीसारखा हनुवटीकडे हात नेला, तर हा एक पाऊल मागे सरकला आणि म्हणाला, "आधी विचारा ना."

तुमच्या पेशंटची आई